कार्डाच्या रंगासाठी सफर ठरवू नका

नेहमीच्या प्रवाशांना वरच्या दर्जाचं कार्ड आणि सवलती मिळतात, म्हणून एकाच क्रूझ कंपनीला धरून राहण्यातच फायदा, हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. रॉयल कॅरिबियन या कंपनीत ‘डायमंड’ हा वरचा दर्जा मिळायला 80 पॉइंट लागतात आणि साध्या केबिनच्या एका रात्रीला मिळतो एक. म्हणजे आठवड्याच्या अकरा-बारा सफरी! मग रोज चार पेयं फुकट. छानच आहे, पण दोन-तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्याने त्यापायी आवडती बंदरं का सोडायची?

शिवाय नियम कंपनीच्या हातात. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीने 2025 मध्ये जाहीर केलं, की जून 2026 पासून दर्जा रात्रींवर नाही, खर्चावर ठरणार. स्वस्तातली, बिनखिडकीची केबिन घेऊन रात्री जमवणाऱ्यांवर हा सरळ अन्याय आहे. आपल्या मुंबईहून सफरी नेणारी जलेश कंपनी तर 2020 मध्ये बंदच पडली, तिचं ‘कर्णिका’ जहाज अलंगला भंगारात गेलं.

मी आधी मार्ग बघते. नॉर्वेला जायचं तर जहाज गायरांगरच्या फ्योर्डमधल्या बंदरात किती तास थांबतं, हे महत्त्वाचं. हां, रॉयल कॅरिबियनचा दर्जा 2024 पासून त्याच समूहातल्या ‘सेलिब्रिटी’ या क्रूझ कंपनीतही चालतो. समूहातल्या अशा दोन-तीन कंपन्यांत फिरत राहायला माझी हरकत नाही.