आधी नारळ फोडा, मग नकाशा काढा

कोकणातल्या तुमच्या नगरपरिषदेला निधी आलाय, आणि जुन्या तळ्याकाठचा भाग ‘पुनरुज्जीवित’ करायचाय ना? मग सल्लागाराला जानेवारीत बोलवा. हवा छान असते. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे अशा हवेत कुणालाच आठवत नाही. त्याच्या थ्रीडी चित्रात छत्रीवाला माणूस दिसला तर चित्र परत पाठवा.

पहिल्यांदा जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे जुनी फरसबंद पायवाट, उखडा. तिच्या फटींतून पाणी मुरतं, दुरुस्तीचं काम निघत नाही. असल्या वस्तूचा ठेकेदाराला काय उपयोग? तिथे पेव्हर ब्लॉक बसवा. खाली वाळू अंथरा, पण कडेला ती धरून ठेवणारी काँक्रीटची पट्टी गाळा. दोन पावसांत वाळू वाहून जाते, ब्लॉक डुगडुगतात, आणि पाय ठेवला की चिखलाची पिचकारी थेट पाहुण्याच्या लेंग्यावर. 50 फुटांना 1 फूट उतार दिला तर पाणी निघून जाईल, म्हणून जमीन सपाटच ठेवा. शेवाळालाही निवांत जागा हवी.

वडाच्या बुंध्याला काँक्रीट अगदी भिडवा. मुळांची हवा-पाणी तोडली की झाड हळूहळू वठतं. मग ते ‘धोकादायक’ ठरतं. माडा-पोफळींच्या मुलखात त्या जागी बाटली पाम लावण्याची संधी पुन्हा कधी मिळणार?

आता कारंजं. ते सहाणेच्या, म्हणजे देवाची पालखी ठेवायच्या चौथऱ्याच्या, पुढ्यातच घ्या. शिमग्यात पालखी सहाणेवर बसते आणि समोरच्या मोकळ्या जागेत नाचते. नकाशावर ती जागा रिकामी दिसते, म्हणजे ती वाया चाललेली असणार. मानकऱ्यांना विचारू नका. ते पालखी फिरायला किती पावलं लागतात ते चालून दाखवतील, होळीचं झाड खांद्यावरून आणताना वळण कुठे घ्यावं लागतं तेही सांगतील, आणि तुमचं कारंजंच नव्हे, शोभेचे दिवेही हलवावे लागतील.

नाट्यगृहावर नुसता पत्रा घाला, आत आवाज शोषणारा थर नको. जुलैतली सर कोसळली की पहिल्या रांगेलाही संवाद ऐकू येत नाही. प्रायोगिक नाटकाचा आनंद फुकटात. सेटचा टेम्पो लागेल तिथे उंबरठ्याऐवजी 9 पायऱ्यांचा जिना ठेवा. भाडं 3 तासांच्या सत्राचं लावा. दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो, म्हणजे हा हिशेब त्याला कधीच परवडणार नाही. एक बाकडं, पेटारा, हार्मोनियम, पखवाज आणि झांज एवढ्यावर नाटक करणाऱ्यांना वातानुकूलित सभागृह हवंच कशाला? ‘लोककला दालना’त त्यांचा पुतळा ठेवा, तो भाडं बुडवत नाही.

वाचनालय हलवायचं तर तळमजल्यावर, खाडीच्या बाजूला. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 पासून आहे, म्हणून जुनी पुस्तकं आपोआपच टिकतात असा समज करून घ्यायला हरकत नाही. वाशिष्ठी नदीचं पाणी 2005 मध्ये चिपळुणात शिरलं आणि 2021 मध्ये पुन्हा शिरलं, पण तिसऱ्यांदा शिरेलच असं थोडंच आहे? विजेचं पॅनेल त्याहून खाली, तळघरात.

पावसाच्या गटाराचं तोंड खाडीत सोडा आणि झडप लावू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला वरून सर आली की पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येतं. नौकाविहाराचा वेगळा प्रकल्प करावा लागत नाही. तळ्याच्या रेलिंगला साधं 304 ग्रेडचं स्टील घ्या. खाऱ्या वाऱ्यावर त्याला लवकर तांबूस डाग पडतात. 316 महाग असतं आणि टिकतंही जास्त, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

उद्घाटन मेअखेर उरका. कोनशिला तेवढी पूररेषेच्या वर बसवा.