कमी खायचं म्हणजे काय काय खायचं?

सांगलीत राहणाऱ्या माणसाला साखर सोडायला सांगणं म्हणजे भूगोलाशी वैर धरायला सांगणं. गावाबाहेर कुठल्याही दिशेला निघा, ऊस आडवा येतो. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली की काचा बंद असल्या तरी मळीचा वास आत येऊन बसतो. ऊस संपला की द्राक्षं, द्राक्षं संपली की बेदाणे, आणि तासाभराच्या अंतरावर कोल्हापूरचा गूळ. या मुलखात कडू म्हणून एकच गोष्ट आहे, ती म्हणजे उसाच्या बिलाची वाट बघणं.

अशा ठिकाणी माझा रिपोर्ट आला. रक्तातल्या साखरेचा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. तिचा आकडा 5.7च्या खाली असता तर मी निरोगी, 6.5 किंवा त्याच्या वर असता तर रीतसर मधुमेही. माझा आला 5.9. डॉक्टरांनी कागद बघितला, मग माझं पोट बघितलं, आणि पोटाकडे बघतच म्हणाले, "गोळी नको. थोडं कमी खा, गोड आवरा, रोज चाला. तीन महिन्यांनी परत बघू."

या मधल्या पट्ट्यातल्या माणसाचे हाल कुत्रं खात नाही. आजारी नाही, म्हणून कोणी सफरचंदं घेऊन भेटायला येत नाही. निरोगी नाही, म्हणून कोणी पेढा पुढे करत नाही. येतात ते फक्त सल्ले. आणि डॉक्टरांच्या सल्ल्यात घरच्यांच्या मते एक मोठी खोट होती. त्यात 'घ्यायचं' असं काहीच नव्हतं. औषध म्हणजे कसं, भिजवून घ्यायचं, उकळून घ्यायचं, कुटून घ्यायचं, अनशापोटी घ्यायचं. नुसतं 'कमी खा' हे आईला अपमानास्पद वाटलं. "एवढी फी घेतली आणि दिलं काहीच नाही होय?" असं म्हणून तिनं त्याच रात्री मेथी भिजत घातली.

मग सगळ्यांनीच द्यायला सुरुवात केली. सकाळी उठल्यावर भिजवलेल्या मेथ्या आणि त्यांचं पाणी. त्यावर कारल्याचा रस. कारल्यानं तोंड वाकडं होतं म्हणून पाठोपाठ कोमट पाण्यात लिंबू आणि मध. "अगं, मध म्हणजे साखरच की," असं मी म्हटलं, तर बायको म्हणाली, "ती मधमाशीची आहे, कारखान्याची नाही." मग मेहुणीनं मोबाइलवर पाठवलेलं दालचिनीचं पाणी. मग भिजवलेले बदाम, दोन अक्रोड, आणि आतड्यांना वंगण म्हणून चमचाभर तूप. हे सगळं नाश्त्याच्या आधी. त्यानंतर नाश्ता, कारण शुगरच्या माणसानं रिकाम्या पोटी राहायचं नसतं. कमी खायला लागल्यापासून सकाळी नऊ वाजेपर्यंत माझ्या पोटात जेवढं जात होतं, तेवढं पूर्वी दुपारच्या जेवणापर्यंत जात नव्हतं.

मेथीची बाजू घ्यायला हवी. तिच्यात बुळबुळीत तंतू असतो, त्यानं जेवणातली साखर रक्तात उतरायचा वेग मंदावतो, यात तथ्य आहे. पण आईला हे सांगायची सोय नाही. तथ्य आहे म्हटलं की दुसऱ्या दिवशी चमचा मोठा होतो. शिवाय मेथीचा वास घामाला येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिसच्या लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे वळून, "काय, घरात बाळंतीण आहे का?" असं विचारू लागले.

माझ्या रिपोर्टचं कळल्यावर करवीर तालुक्यातून मेहुणा आला. खांद्यावर गुळाचा पाच किलोचा रवा, म्हणजे ढेप. "दाजी, साखर म्हंजे विष. आजपासनं गूळ." मेहुण्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या गुऱ्हाळ आहे, त्यामुळे गुळाबद्दल त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे भटजीला संध्या शिकवायची. मी तरी घातला. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे चारशे कॅलरी, शंभर ग्रॅम गुळात त्याहून थोड्या कमी. गूळ काळासावळा आहे म्हणून तो रक्तात वेगळ्या दारानं शिरत नाही. "लोह असतंय की त्यात," मेहुणा म्हणाला. असतं. पण दिवसाचं लोह गुळातून भरून काढायचं ठरवलं तर लोह भरायच्या आधी मीच भरेन.

एक गोष्ट मात्र त्यानं पदरात घातली, ती मी अजून सगळ्यांना सांगतो. दुकानात पिवळाधमक गूळ बघून भुलायचं नाही. रस काहिलीत उकळताना रानभेंडीचा चीक घालून मळी काढतात, तो जुना रिवाज. पण गिऱ्हाइकाला रंग हवा म्हणून पुढे कुणी कुणी हायड्रोस नावाची पावडर टाकतो, आणि गूळ उजळतो. "काळपट दिसतोय तो खावा दाजी, गोरा घेऊ नका." त्या काळपट गुळाचा चहा बायकोनं त्याच्यासमोरच टाकला, आणि तो फाटला. दूध एकीकडे, पाणी एकीकडे. मेहुण्यानं तो तसाच पिऊन, "दुधाची चूक हाय," असा निकाल दिला.

लोहाचा विषय निघाला तसं बायकोचं प्रकरणही बाहेर आलं. तिचं हिमोग्लोबिन कमी, त्यासाठी लोहाची गोळी चालू, आणि ती गोळी ती सकाळच्या चहाबरोबर घेत होती. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तास-दीड तास लांब ठेवायचा. हे तिला तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती विसरली होती. मी आठवण केल्यावर मला मिळालेलं उत्तर असं: "तुमचा रिपोर्ट वाईट आलाय. माझ्यावर घसरू नका."

आता आप्पा. आप्पा आमच्या शेजारचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मधुमेह होऊन बराच काळ लोटला आहे, त्यामुळे या विषयात ते स्वतःला कुलगुरू समजतात. रोज सकाळी पेपर वाचायला आमच्याकडे येतात आणि बिनसाखरेचा चहा घेतात. "अरे, साखर सोडली तेव्हा मला चहा कळला. साखर घालून पिणारे लोक चहा पितच नाहीत, पाक पितात," हे त्यांचं वाक्य सोसायटीत पाठ आहे. सुरुवातीला मला ते झोंबलं, पण आकडेमोड केल्यावर गप्प बसलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीसेक ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, म्हणजे साधारण पाच-सहा चमचे. आमच्या ऑफिसखालचा टपरीवाला 'अर्धा' म्हणून जो चहा देतो, त्यात चहा अर्धा असतो, साखर पूर्ण असते. आणि अर्धा म्हणून आपण तो मोजत नाही. सकाळचा अर्धा, साहेब आले म्हणून अर्धा, साहेब गेले म्हणून अर्धा. पेढा न खाता माझी साखर कुठून वाढली याचा तपास तिथंच लागला.

तो अर्धा मी बंद केला. या सगळ्या काळात कमी केलेली ती एकच गोष्ट, आणि त्याबद्दल घरात कोणीही माझं कौतुक केलं नाही, कारण ती मी 'घेतली' नव्हती.

चालायला म्हणून आमराई नावाच्या बागेत जाऊ लागलो. झाडं छान, हवा छान, माणसं भयंकर. तिथं सकाळी एक मंडळ भरतं. चालणं एक फेरी, चर्चा पाच फेऱ्या. या मंडळाचं दैवत दुधी. एक गृहस्थ घरून बाटली भरून दुधीचा रस आणतात आणि नव्या सभासदाला झाकणभर पाजल्याशिवाय सोडत नाहीत. मी तोंडाला लावला, तर कडू. थुंकलो. मंडळात शांतता पसरली. "कडू आहे म्हणूनच गुणकारी आहे," गृहस्थ म्हणाले, आणि चार माना हलल्या.

इथं मात्र मी हटलो नाही. कडू ते औषध ही आपली समजूत कारल्याला, कडुलिंबाला चालवून घेऊ, पण दुधीला ती जीवघेणी आहे. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. चांगल्या दुधीत ती नावाला असतात. एखादा दुधी कडू निघाला म्हणजे ती वाढलेली आहेत, आणि रस काढला की ती गाळून येतात. मग उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव, रक्तदाब कोसळणं. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, तज्ज्ञांची समिती नेमली. तिनं सांगितलेली गोष्ट आपल्या आज्या आधीपासून करत होत्या. दुधी, काकडी चिरली की आधी फोड चाखायची, कडू लागली की फेकायची. फेकायची, मित्रांनो, गाळून प्यायची नाही.

माझं व्याख्यान संपल्यावर गृहस्थांनी बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "तुम्हाला मुळात शिस्तच नाही, म्हणून शुगर वाढली." पण बाटली त्यांनी नंतर झाडाच्या बुंध्याशी ओतताना मी बघितली. मंडळातून माझं नाव कमी झालं, आणि त्यामुळे मला एकट्याला भरपूर चालता येऊ लागलं.

एकादशीला बायको म्हणाली, उपवास करा, पोटाला विश्रांती मिळेल. पोटाला मिळालेली विश्रांती अशी: सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चारला रताळ्याचे काप, रात्री बटाट्याची भाजी. एकादशी आणि दुप्पट खाशी हे कुणा अनुभवी माणसानंच म्हणून ठेवलं असणार. साबुदाणा म्हणजे टॅपिओका कंदाचा निव्वळ स्टार्च. तमिळनाडूत सेलमच्या कारखान्यांत तो कंद किसून, धुऊन, त्याचे मोती वळतात. प्रथिनं शोधायला दुर्बीण लागावी. आणि गंमत अशी की टॅपिओकाचा कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, हे सगळं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. कोलंबसाच्या आधीच्या एकाही वारकऱ्यानं साबुदाण्याची खिचडी खाल्लेली नाही. कांदा-लसूण चालत नाही, पण अर्धी पेरू-ब्राझील चालते. हे मी खिचडी खाताखाता सांगितलं. आई म्हणाली, "उपवासाच्या दिवशी तरी गप बस."

खिचडी मात्र अप्रतिम झाली होती. दुसऱ्यांदा घेतली.

पण मेथी, गूळ, दुधी, साबुदाणा हे सगळे एकत्र आले तरी ज्याच्यापुढे फिके पडतील असं एक वाक्य आहे: "एकानं काय होतंय?" हे वाक्य पंगतीत वाढपी म्हणतो, डोहाळजेवणात मावशी म्हणते, बारशाला पाहुणे म्हणतात. मागच्या महिन्यात एका जेवणात मी पानावर आडवा हात धरला, तर यजमानांनी हाताच्या फटीतून पुरणपोळी सरकवली. वर तूप. त्यावर दुसरे यजमान गुळवणी घेऊन आले. "शुगर आहे हो," म्हटलं, तर ते आनंदानं म्हणाले, "मलापण आहे. एकानं काय होतंय?" तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना होती. सगळे गोळीच्या भरवशावर हसत हसत दुसरी पोळी मोडत होते.

तीन महिन्यांनी परत रक्त दिलं. 5.8. डॉक्टर म्हणाले, "छान, पण फार हुरळू नका. एवढा फरक तपासणीतच पडू शकतो. चालणं सोडू नका."

मी घरी येऊन आकडा सांगितला, फरक तपासणीतला असू शकतो हे सांगितलं नाही. तासाभरात दिवाणखाना भरला. आईच्या मते मेथी. बायकोच्या मते एकादश्या. मेहुणा फोनवरून ओरडत होता, "रवा संपला काय? दुसरा लावून देतो." मेहुणीनं दालचिनीसाठी अंगठ्याची पाच चित्रं पाठवली. त्या बिचाऱ्या शून्य पूर्णांक एक दशांशावर पाच जणांची मालकी लागली. आप्पा शांतपणे म्हणाले, "हा चहाचा परिणाम. माझ्यामुळे सुधारला."

वाद मिटावा म्हणून बायको चहा टाकायला उठली. आईला साखरेचा, तिला स्वतःला गुळाचा आणि दूध वेगळं, मला बिनसाखरेचा, आप्पांना बिनसाखरेचा, वरच्या मजल्यावरच्या काकूंना कोरा आणि लिंबू, काकांना कमी साखरेचा पण जास्त दुधाचा. ट्रेमध्ये सगळे कप सारखेच होते. बायकोनं ट्रे ठेवला, फोन वाजला म्हणून आत गेली, आणि ज्याला जो हाताला लागला तो त्यानं उचलला.

मी घोट घेतला. बिनसाखरेचा. आईनं घोट घेतला आणि कपाकडे बघत राहिली. तिचाही बिनसाखरेचा. मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी डोळे मिटून एक लांब घोट घेतला, मान डोलावली आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "सवय झाली ना, की बिनसाखरेचा चहासुद्धा किती गोड लागतो बघा. वहिनी, अजून अर्धा मिळेल?"