दिसतंय ना नीट? मग झालं!

आईला मधुमेह आहे, म्हणून आज तिला घेऊन आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले होते. दाराशी भलामोठा फ्लेक्स, 'मोफत शुगर तपासणी'. आत वजन झालं, बीपी झालं, बोट टोचून झालं, एक गोळी वाढली. मी म्हटलं, डॉक्टर, डोळ्यांचा आतला पडदा तपासून घ्यायचा का? तर म्हणे, "काकूंना दिसतंय ना नीट? मग झालं."

तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझ्या मामालाही नीटच दिसत होतं हो! पेपर वाचायचा, स्कूटर चालवायचा. दर महिन्याला शुगर, सगळे आकडे वहीत. डोळे तपासणं म्हणजे चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढणं, एवढंच त्याला माहीत. एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर काळं जाळं आलं. आत रक्तस्राव झाला होता. त्याआधी दुखणं नाही, खुपणं नाही. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारा हा आजार असाच मुकाट वाढतो. म्हणून तर टाइप टू मधुमेह कळला की लगेच पडदा बघायचा आणि पुढे साधारण दरवर्षी. हे पेशंटला सांगणार कोण, केमिस्ट?

मान्य, बाहेर पेशंटची रांग असते, कॅमेरा महाग असतो. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी लिहायला काय जातं? आणि कॅमेऱ्याचंच म्हणाल तर मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलवरच्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढले, ते एआयने तिथल्या तिथे, इंटरनेटशिवाय तपासले. २०१९ साली तो अभ्यास छापूनही आला. म्हणजे जमतं. जमवायचं नसतं, इतकंच.

खरं सांगू? डॉक्टर वाईट नाहीत. मामी वर्षानुवर्षं ओरडत होती, मामाने साखरेचा चहा सोडला तो डॉक्टरांनी एकदा सांगितल्यावर. मोठ्या हॉस्पिटलचं नाव काढलं की ज्याला घाम फुटायचा, तो माणूस त्यांच्या एका शब्दावर डोळे दाखवायला गेला असता. एवढं वजन आहे हो त्यांच्या शब्दाला, म्हणून जीव जळतो.

लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. मामाचा डावा डोळा वाचला. उजव्याने समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळतं, कोण ते नाही.

आईची शनिवारची वेळ घेतलीय. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून रिक्षाने जाणार. आणि रिपोर्टची झेरॉक्स आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून येणार, त्यांनी मागितली नसली तरी.