बातमीवर घ्या, स्टॉपलॉस आहेच? कुणी सांगितलं?

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : “कंपनीची चांगली बातमी आली की तिचे शेअर घ्या. पडलाच तर ५ टक्क्यांचा स्टॉपलॉस आहे, नुकसान तेवढंच. मोठ्या कंपनीत तर धोकाच नाही. बोनस म्हणजे पैसे दुप्पट.” रावेरच्या आमच्या नानांनी केळीचे पैसे याच भरवशावर लावायचं ठरवलंय, म्हणून हे लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक ते स्टॉपलॉसचं. स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीपर्यंत पडला की शेअर विकायची आधीच लावून ठेवलेली ऑर्डर. कंपन्यांचे तिमाही निकाल (तीन महिन्यांचा नफा-तोटा) बऱ्याचदा साडेतीननंतर, बाजार बंद झाल्यावर येतात. समजा शेअर १०० ला घेतला. ट्रिगर ९५ (भाव इथे आला की ऑर्डर चालू होते), लिमिट ९४ (याहून कमीत विकायचं नाही). रात्री वाईट बातमी आली आणि सकाळी भाव उघडलाच ८२ ला. ट्रिगर लागतो, पण तुमची ऑर्डर ९४ ला विकायला उभी. ८२ ला मिळत असताना ९४ कोण देणार? ती तशीच पडून राहते. लिमिटऐवजी मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विकायची) असती तर ८२ च्या आसपास विकला गेला असता. म्हणजे १०० शेअरमागे ५०० नव्हे, १,८०० गेले. छोट्या कंपनीचं याहून वाईट : १० टक्क्यांचं लोअर सर्किट (त्या दिवशी याहून खाली भाव जाऊ न देणारी मर्यादा) लागलं की ९० ला नुसते विकणारे, घेणारा कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्किट, ८१.

मोठी कंपनी? सत्यम ही आयटी कंपनी सेन्सेक्समधलीच होती. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं घोटाळ्याची कबुली देणारं पत्र आलं आणि १७९ च्या आसपासचा शेअर त्याच दिवशी ४० च्या आसपास बंद झाला. वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) चालणाऱ्या शेअरला ठरावीक सर्किट नसतं, त्यामुळे मध्ये कुठे अडलाही नाही.

बोनसचं तर सोडाच. बोनस म्हणजे कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर. एकास एक मिळाला की ८०० चे १०० शेअर ४०० चे २०० होतात, रक्कम तीच.

चांगल्या बातमीने भाव वाढतो, एवढं खरं. पण सेबी या बाजार नियामकाच्या नियमाने कंपनीला निकाल बोर्डाची बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत, बाजारानंतर संपली तर साधारण ३ तासांत, एक्स्चेंजला (शेअर बाजाराला) कळवावा लागतो. ग्रुपवर येईपर्यंत तो भावात जमा झालेला असतो.

नाना, लावायचेच असतील तर बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर निकालाच्या बैठकीची तारीख बघा, ती आधीच जाहीर होते. तिच्या तोंडावर नवीन खरेदी नको. एका रात्रीत २० टक्के जातील असं धरून चाला. ५,००० चं नुकसान सोसवत असेल तर एका कंपनीत २५,००० च टाका. आणि पुढच्या लागवडीच्या रोपांचे, ठिबकचे पैसे यात धरूच नका.