कोब्लेन्झचा आरडाओरडा आणि ओदेसाचा ड्यूक

"बाहेर बसून बोलू नका" हे वाक्य आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून येतंच. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, सरकारने जीआर काढला, मग बदलला, जूनच्या शेवटी मागे घेतला आणि ५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे बंधू एका स्टेजवर आले, तेव्हा तर ग्रुप सरळ दोन भागांत फुटला. अमेरिकेतला एक मित्र रोज लिहायचा की मराठी बोलत नाही त्याला ठोकून काढा, घाबरता कशाला. डोंबिवलीची मैत्रीण वैतागून म्हणाली, दुसऱ्या दिवशी त्याच लोकलने आणि त्याच दुकानात मला जायचंय, तुला नाही. आणि मग कोणीतरी ते नेहमीचं वाक्य टाकलं, देश सोडलेल्यांनी गप्प बसा.

मैत्रिणीचं मला शंभर टक्के पटतं. "गप्प बसा" मात्र अजिबात पटत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगायला मला १७९० च्या दशकातले फ्रेंच सरदार लागतात, कारण मी जर्मनीत राहते तिथून कोब्लेन्झ हे ऱ्हाईनकाठचं शहर ट्रेनने जेमतेम तासाभरावर आहे आणि देश सोडलेल्यांनी लांबून बोलल्यावर काय होतं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

राज्यक्रांती झाल्यावर फ्रान्समधले हजारो सरदार आणि लष्करी अधिकारी सीमेपलीकडे पळाले. राजा सोळाव्या लुईचे दोघे भाऊ १७९१ च्या उन्हाळ्यात कोब्लेन्झला आले, कारण तिथला इलेक्टर, म्हणजे राज्यकर्ता, क्लेमेन्स वेन्झेस्लाउस हा त्यांचा सख्खा मामा. ऱ्हाईनच्या काठी त्यांनी आपला दरबार थाटला, मानपान, रुसवेफुगवे, सगळं व्हर्सायच्या राजदरबारासारखं. सैन्यही उभं केलं. सगळ्यांना खात्री होती की आपण कूच केलं की पॅरिस आठवड्याभरात गुडघे टेकेल. २५ जुलै १७९२ ला याच कोब्लेन्झमधून प्रशिया-ऑस्ट्रियाच्या फौजांचा सेनापती ड्यूक ऑफ ब्रन्सविक याच्या नावाने जाहीरनामा निघाला, आणि त्याचा मजकूर घडवण्यात या पळून आलेल्या लोकांचा मोठा हात होता. राजाच्या केसाला धक्का लागला तर पॅरिस बेचिराख करू, अशी धमकी. ती पॅरिसला पोचली आणि १० ऑगस्टला लोकांनी तिथल्या तुइलरीच्या राजवाड्यावर हल्ला केला, राजा कैद झाला आणि पुढच्या जानेवारीत गिलोटिनवर गेला. क्रांतीची आग आधीपासूनच होती, नाही असं नाही, पण कोब्लेन्झने तिच्यात तेल ओतलं आणि चटका बसला तो मागे राहिलेल्यांना. दोघे भाऊ सुखरूप राहिले, पुढे दोघंही राजे झाले.

अमेरिकेतल्या मित्राच्या मेसेजेसमुळे मला राग येतो तो यासाठी. तो वाईट माणूस नाही, मराठीसाठी त्याचा जीव तुटतो हेही खरं. पण लांबून दिलेल्या धमकीची किंमत नेहमी जवळचा माणूस मोजतो.

आता दुसरा माणूस. आर्मां-एमान्युएल द्यु प्लेसी, ड्यूक द रिशेलिय. जन्म १७६६, सतराव्या शतकात फ्रान्सचा कारभार चालवणाऱ्या त्या प्रसिद्ध कार्डिनल रिशेलियच्या घराण्यातला, आजोबा फ्रान्सचे मार्शल. म्हणजे गमवायला याच्याकडे इतरांपेक्षा जास्तच होतं. १७९० मध्ये तो रशियन सैन्याबरोबर तुर्कांच्या इझमाईल किल्ल्यावरच्या लढाईत लढला, रशियन सेनापती सुवोरोवच्या हाताखाली, आणि त्या भयानक कत्तलीत त्याने एका लहान तुर्की मुलीला कोसॅकांच्या (रशियाच्या बाजूने लढणाऱ्या घोडेस्वारांच्या) तावडीतून सोडवलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे फ्रान्समध्ये १७९३ चा कायदा आला, पळून गेलेले कायमचे हद्दपार, मालमत्ता जप्त, परत आले तर मरण. नेपोलियनच्या काळात वातावरण निवळल्यावर १८०२ मध्ये तो पॅरिसला गेला होता, पण नेपोलियनची नोकरी नको म्हणून पुन्हा रशियाला परतला. १८०३ मध्ये झार अलेक्झांडरने त्याला काळ्या समुद्रावरच्या ओदेसाचा गव्हर्नर केलं.

तेव्हा ओदेसा हे गाव स्थापन होऊन दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती, वस्ती आठ-नऊ हजारांच्या आसपास, पाण्याची बोंब, रस्ते नाहीत, धूळ आणि चिखल. या माणसाने तिथे अकरा वर्षं काढली. बंदर, धान्याचा व्यापार, शाळा, १८१० मध्ये थिएटर, रस्त्यांच्या कडेला बाभळीसारखी झाडं. ग्रीक, ज्यू, इटालियन, बल्गेरियन, जर्मन, जो येईल त्याला जागा. तो निघाला तेव्हा वस्ती पस्तीस हजारांच्या घरात गेली होती. १८१२ मध्ये प्लेग आला, अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, आणि हा गव्हर्नर आजाऱ्यांच्या घरोघरी फिरत होता. त्याच वर्षी नेपोलियन रशियात घुसला. म्हणजे विचार करा, स्वतःच्या देशाची फौज चालून येतेय आणि हा दुसऱ्या देशाचं शहर सांभाळतोय. आजच्या भाषेत याला देशद्रोही म्हणायला कोणाला पाच मिनिटं लागली नसती.

आणि हाच माणूस १८१५ मध्ये फ्रान्सचा पंतप्रधान झाला. फ्रान्समध्ये त्या माणसाइतका क्रिमिया (ओदेसाजवळचा रशियाचा भाग) कोणालाच माहीत नाही, असा टोमणा त्याच्या आधीचा पंतप्रधान तालेराँ याने मारल्याचं सांगतात, म्हणजे बाहेरच्याला घरचं काय कळणार हा आपल्या ग्रुपवरचा मुद्दा तेव्हाही होताच. वॉटर्लूला नेपोलियन शेवटचा हरल्यावर देशावर ७० कोटी फ्रँकची खंडणी आणि दीड लाख परकी सैनिक, तेही पाच वर्षांपर्यंत. रिशेलियने त्या तहावर सही केली आणि मग झारशी असलेली जुनी ओळख, परदेशात कमावलेली पत, सगळी पणाला लावून १८१८ मध्येच, म्हणजे दोन वर्षं आधी, ते सैन्य देशाबाहेर काढलं. घरी बसलेल्या कोणाला हे जमलं असतं असं मला वाटत नाही. त्याबद्दल संसदेने त्याला वर्षाला पन्नास हजार फ्रँकचं उत्पन्न दिलं, ते त्याने बोर्दोच्या अनाथ-आजाऱ्यांच्या संस्थांना देऊन टाकलं.

देवमाणूस होता असं मी म्हणणार नाही. नेपोलियनला जाऊन मिळालेला सेनापती मार्शल ने याच्यावर खटला चालवा म्हणून सभागृहात उभा राहिला तो हाच, आणि नेला डिसेंबर १८१५ मध्ये गोळ्या घातल्या. हा डाग पुसता येत नाही. पण परत आलेले बाकीचे सरदार जेव्हा सूड, सूड म्हणून ओरडत होते, क्रांती झालीच नाही असं समजून १७८८ पासून पुढे चालू करा म्हणत होते, तेव्हा १८१६ मध्ये त्यांचंच बहुमत असलेलं सभागृह त्याच्याच सरकारने बरखास्त करायला लावलं. सर्वस्व गमावलेल्या माणसाने हे केलं. देश आपल्यामागे बदललाय हे त्याने मान्य केलं होतं. आपल्यातल्या फार कमी जणांना ते जमतं, आपल्याला महाराष्ट्र आपण सोडला त्या वर्षीचाच हवा असतो.

भाषेचं म्हणाल तर मी इथे जर्मन शिकले कारण शिकावीच लागली, नागरिकत्वाला बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची परीक्षा लागते, आणि मला त्यात कधी अपमान वाटला नाही. म्हणून मुंबईत येणाऱ्याने मराठी शिकावी ही अपेक्षा मला पूर्ण रास्त वाटते. पण इथे कोणी मला चुकीच्या आर्टिकलसाठी (नामाआधीचं डेर, डी, दास) थोबाडीत मारली असती तर मी ही भाषा आयुष्यभर तोंडात घेतली नसती. मला क्लास मिळाला, परीक्षा मिळाली, शेजारणीने चुका सुधारल्या. हा अनुभव घरी सांगणं माझा हक्क आहे, आणि तो सांगायला मला कोणाची परवानगी नको.

मत द्यायचा हक्क वेगळा. भारतीय पासपोर्टवाल्यांना मत द्यायला आजही स्वतः बूथवर यावं लागतं, त्यांना पोस्टल मतदान मिळायलाच हवं. पण माझ्यासारखीने जर्मन पासपोर्ट घेतला, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे, त्यात मत नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. निकालाचे परिणाम जिला भोगायचेत तिने मत द्यावं.

डोंबिवलीच्या मैत्रिणीला मी विचारलं की तुला खरंच काय हवंय. ती म्हणाली, तिच्या सोसायटीचे वॉचमन आणि भाजीवाले यांच्यासाठी संध्याकाळचा मराठीचा वर्ग सुरू करायचाय, जागा आहे, शिकवायला माणसं आणि पुस्तकांना पैसे नाहीत. पैसे मी पाठवतेय, आणि नवख्या मोठ्या माणसाला भाषा कशी शिकवतात ते मी इथे विद्यार्थिनी म्हणून पाहिलंय, त्यावरून धडे लिहून देतेय. अमेरिकेतल्या मित्रालाही विचारलंय, रविवारी ऑनलाइन तासभर शिकवशील का म्हणून.