‘शाळामास्तरांची आरती’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की निम्म्या गोष्टींवर भांडता येईल आणि उरलेल्यांवर मान खाली घालावी लागेल. तेव्हा दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: मार्शल आर्टच्या इतिहासातल्या प्रभावी माणसांवरच्या लेखात मी सगळ्यात जास्त जागा ज्युजुत्सु या जुन्या जपानी बिनशस्त्र लढण्याच्या विद्येतून ज्युदो घडवणाऱ्या जिगोरो कानो यांना दिली होती. त्यावर तुम्ही लिहिलंत: “ही योद्ध्यांची यादी आहे की शाळामास्तरांची आरती? कानो कुणाशी लढला? ज्युजुत्सुचे दात काढून त्याने खेळ केला. साठ लढती जिंकणाऱ्या मुसाशीला एक ओळ, ब्रूस लीला एक परिच्छेद, आणि ज्या भारतीय बोधिधर्माने चीनला कुंगफू दिलं त्याचं नावही नाही. वर रंगीत पट्टे कानोने आणले ही थाप. आणि अख्ख्या लेखात एकही बाई नाही!”

पट्ट्यांचं आधी मिटवू. तुमचं बरोबर, माझं चूक. कानोंनी दर्जे आणले. ‘दान’ म्हणजे कौशल्याची वरची पायरी; ही कल्पना गो या पटावरच्या खेळातून घेतली आणि 1883 मध्ये त्सुनेजिरो तोमिता आणि शिरो साइगो या दोघांना पहिले दान दिले. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. पण पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशी चढण युरोपातल्या क्लबांत रुळली. तिचं श्रेय बहुतेक वेळा पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशींना दिलं जातं. लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

आता ‘शाळामास्तर’. तुम्ही हा शब्द टोमणा म्हणून वापरलात, पण तो शब्दशः खरा आहे. कानो तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य होते. कराटे ओकिनावा या जपानी बेटाबाहेर नेणारे गिचिन फुनाकोशी शाळेत शिकवायचे. त्यांचे एक गुरू आंको इतोसु यांनी 1901 च्या सुमारास कराटे ओकिनावाच्या शाळांत नेलं आणि विद्यार्थ्यांना झेपतील असे सोपे काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, बसवले. ज्यांच्यामुळे या कला जगभर गेल्या ती माणसं एकामागून एक शाळेतच का सापडतात, हा माझ्या लेखाचा खरा प्रश्न होता. तो मी नीट मांडला नसणार, नाहीतर तुम्ही आरती म्हणाला नसतात.

1877 साल. कानो सतरा वर्षांचे, उंचीने जेमतेम, अंगाने किरकोळ. हाचिनोसुके फुकुदा नावाच्या वस्तादाकडे तेनजिन शिन्यो पद्धतीचं ज्युजुत्सु शिकायला जायचे. एके दिवशी वस्तादाने त्यांना आपटलं. कानोंनी विचारलं, हात कुठे होता, पाय कसा टाकला? उत्तर म्हणून वस्तादाने पुन्हा आपटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा आपटलं. फुकुदांचं म्हणणं असं की विचारून काय कळणार, खूप वेळा पडलं की आपोआप कळतं. त्या काळात शिकवण्याची रीतच ती होती, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चाललीही. पण तिच्यात टिकायचे ते जात्याच दणकट असलेले गडी. किरकोळ पोरगा एक तर पळून जायचा, नाहीतर हाड मोडून घरी बसायचा.

कानो पळाले नाहीत आणि प्रश्न विचारायचेही थांबले नाहीत. पुढे कितो पद्धतीचे त्सुनेतोशी इइकुबो यांच्याशी सराव करताना त्यांना हवं ते उत्तर मिळालं: समोरच्याचा तोल आधी मोडला तर त्याला पाडायला ताकद लागत नाही. समजा, तुम्ही एकाची बाही आणि कॉलर धरली आहे. त्याला ढकला, तो उलट ढकलेल. तो उलट ढकलत असतानाच त्याच्या शरीराचा भार चवड्यांवर येतो. नेमक्या त्या वेळी ढकलणं सोडून बाही वर आणि आपल्याकडे ओढली की त्याच्या टाचा उचलतात. आता तो तुमच्यापेक्षा वीस किलोंनी जड असला तरी चालेल, तो आधीच पडायला लागलेला असतो. कानोंनी याचे तीन भाग पाडले: कुझुशी म्हणजे तोल मोडणं, त्सुकुरी म्हणजे डावाची जुळणी, काके म्हणजे प्रत्यक्ष डाव. फुकुदांना जे शब्दांत सांगता आलं नाही ते आता कुणालाही सांगता येऊ लागलं. माझ्या लेखी ही कुठल्याही लढतीपेक्षा मोठी कामगिरी आहे.

दात काढण्याबद्दल. 1882 मध्ये एका मंदिरातल्या बारा चटयांच्या जागेत कोडोकान, म्हणजे कानोंची ज्युदो शाळा, सुरू झाली तेव्हा कानोंनी ठोसे, लाथा आणि बोटं मोडणारे डाव मोकळ्या सरावातून वगळले, हे खरं. पण डोळ्यात बोट घालायचा डाव तुम्ही रोज संध्याकाळी पूर्ण जोर लावून कुणावर करणार? तो हवेतच करावा लागतो, नाहीतर जोडीदार आधीच मान तुकवून उभा असतो. उलट खांद्यावरून फेकण्याचा डाव, जोडीदाराला नीट पडता येत असेल तर, एका संध्याकाळी पन्नासदा पूर्ण जोराने करता येतो, तेही तो जिवाच्या आकांताने विरोध करत असताना. मला मॅटवर पहिले कित्येक आठवडे फक्त पडायलाच शिकवलं. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकता टेकता हात जमिनीवर आपटायचा. तेव्हा हे शिक्षा वाटायचं. दात काढले म्हणता, मला तर वाटतं ते घासून धार लावायची सोय तिथेच झाली.

जपानी तलवारबाज मुसाशीची गोष्टही इथेच येते. साठांहून अधिक लढतींत आपण हरलो नाही असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि त्याच्या नावाने चालत आलेली शैली आजही आहे. पण आजच्या केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, जे चिलखत घालून बांबूची तलवार चालवतात, ते घडवण्याचं श्रेय अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिरोझाएमोन नागानुमा यांच्याकडे जातं. हे नाव किती जणांनी ऐकलंय? त्यांनीही तेच केलं: जोडीदार जिवंत राहील आणि घाव खरा राहील अशी सोय.

‘कानो कुणाशी लढला’ याचं उत्तर त्यांच्या शिष्यशाखेत बघा. कोडोकानचे मित्सुयो माएदा 1904 मध्ये अमेरिकेला गेले, देशोदेशी कुस्त्या करत 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि बेलेममध्ये त्यांनी कार्लोस ग्रेसी या पोराला शिकवलं. त्याचा धाकटा भाऊ एलिओ 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर ज्युदोच्या मासाहिको किमुराशी भिडला. किमुराने त्याचा कोपर दुमडून हात पाठीमागे पिळला. हात मोडला तरी एलिओने हार मानली नाही. शेवटी कार्लोसने टॉवेल टाकून त्याच्या वतीने हार मानली. कोडोकानमध्ये या डावाचं नाव उदे-गारामी, पण ब्राझीलकरांनी त्याला ‘किमुरा’ म्हणायला सुरुवात केली. हरलेल्यांनी जिंकणाऱ्याचं नाव डावाला द्यावं, हा दिलदारपणा मला फार आवडतो. पुढे 1993 मध्ये डेन्व्हरला वेगवेगळ्या लढण्याच्या शैलींच्या माणसांना एकमेकांसमोर उभं करणारी पहिली यूएफसी स्पर्धा एलिओच्या मुलाने, रॉइसने, जिंकली; समोरचे बहुतेक गडी त्याच्याहून जड होते. बिनदाताच्या खेळाचा वंश तो हाच.

ब्रूस लीच्या बाबतीत मात्र तुमचं अर्धं मान्य. 1973 मध्ये तो गेला तेव्हा तेहतीसही पूर्ण नव्हता, आणि त्याच्याइतकी पोरं कुणीच क्लासच्या दाराशी आणली नाहीत. पण दारातून आत गेल्यावर त्यांना मिळालं काय? बहुतेकांना कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदो. पांढरा गणवेश, पट्टा आणि ठरलेले काता. फुनाकोशींनी 1922 मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवलं, त्यानंतर कानोंनी त्यांना कोडोकानमध्ये बोलावलं. कराटेचा गणवेश ज्युदोच्या धर्तीवर शिवला गेला आणि 1924 मध्ये दानही आले. ठरलेल्या चौकटी मोडा म्हणणाऱ्या लीमुळे चौकटीतलेच वर्ग भरले. या विसंगतीवर वेगळा लेख व्हायला हवा.

बोधिधर्म या बौद्ध भिक्षूला मी विसरलो नव्हतो, मुद्दाम गाळलं होतं. त्याचा सगळ्यात जुना उल्लेख 547 च्या सुमारास लिहिलेल्या लुओयांगच्या मठांच्या वर्णनात येतो. तिथे तो एका देवळाची भव्यता बघून थक्क होतो, बस. शाओलिन मठ 495 मध्ये स्थापन झाला तो बातुओ नावाच्या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठी. तिथला 728 चा शिलालेख 621 च्या लढाईत मदत करणाऱ्या तेरा भिक्षूंबद्दल बोलतो, बोधिधर्माने शिकवलेल्या ठोशांबद्दल नाही. त्याच्या नावावर खपवलेल्या व्यायामाच्या पोथीचा काळ 1624 चा, म्हणजे तो गेल्यानंतर हजारेक वर्षांनी. चिनी अभ्यासक तांग हाओ यांनी 1930 मध्येच ही कथा खोडून काढली, तरी ती मरत नाही. फुनाकोशींच्या लिखाणातही ती येते. भारतीय धागा हवाच असेल तर एक देतो: सतराव्या शतकातल्या शाओलिनच्या लाठीच्या ग्रंथात लाठीचं मूळ ‘जिन्नालुओ’कडे नेलं आहे. जिन्नालुओ म्हणजे आपला किन्नर. तीही दंतकथाच, पण निदान मठाची स्वतःची.

आणि आता बाई. इथे माझ्याकडे बचाव नाही. मघाशी ज्यांनी कानोंना आपटून आपटून उत्तर दिलं त्या फुकुदांची नात केइको फुकुदा. आजोबांची आठवण म्हणून कानोंनीच तिला कोडोकानमध्ये बोलावलं आणि 1935 मध्ये ती मॅटवर आली. उंची पाच फुटांच्या आत. 1953 मध्ये पाचवा दान मिळाला आणि तिथे जवळपास वीस वर्षं ती अडकून राहिली, कारण बाईला त्यापुढचा दान देत नसत. मी वर ज्या चढणीचं कौतुक केलं तिची पुढची पायरीच बायकांसाठी बांधलेली नव्हती. त्यांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध पांढरी रेघही असायची. सहावा दान 1972 मध्ये मिळाला. नववा 2006 मध्ये. दहावा 2011 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी, आणि तोसुद्धा अमेरिकन ज्युदो संघटनेकडून. कोडोकानने दिला नाही. 2013 मध्ये ती गेली.

तिच्यावरचा भाग आज रात्री लेखात जोडतोय. कानोंच्या परिच्छेदाला लागूनच.