फोन बदललाय, प्लॅन नाही!

मी काय मागितलं होतं? साधा फोन. नंबर तोच, पोस्टपेड प्लॅन तोच, दर महिन्याचं बिल तेवढंच. यात एवढं काय कळायला कठीण आहे?

गेली अडीच वर्षं हप्त्यावर घेतलेला महागडा फोन वापरला. हप्ते फिटले आणि लक्षात आलं की ठाण्याहून दादर येईपर्यंत अंगठा सारखा वर-खाली चाललेला असतो, मान अवघडते आणि उतरल्यावर काय पाहिलं ते एक आठवत नाही. म्हणून स्टेशनबाहेरच्या दुकानातून ७ हजारांचा छोटा फोन घेतला. फोन लागतो, व्हॉट्सॲप चालतं, भाजीवाल्याला पैसे पाठवता येतात. झालं की! फोन घ्यायला दहा मिनिटं लागली. खरा तमाशा पुढे.

जुन्या फोनमध्ये होतं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच असलेलं सिम; नव्यात लागतं साधं कार्ड. म्हणजे कंपनीच्या गॅलरीत जाणं आलं. शनिवारची दुपार, टोकन ४७, चालू होता २९. माझा नंबर लागल्यावर काउंटरवरच्या पोराने आधी माझा नवा फोन हातात घेऊन असा उलटा-सुलटा केला, जणू मी त्याला शिळ्या मासळीचा वाटा दाखवतेय. "मॅडम, डाउनग्रेड क्यों कर रहे हो? नया फाइव-जी दे दूँ, ईएमआय पे?" अरे बाबा, मी सिम मागायला आले आहे! तुला माझ्या फोनचं स्थळ बघायला कुणी बोलावलंय?

मग आधार, मग फोटो, मग "मॅडम, आँखें झपकाओ". झपकवले. अंगठा, ओटीपी, सही. कार्ड हातात पडलं, दोन तासांत चालू होईल म्हणाला. तेवढ्यात जुन्या फोनवरचे नेटवर्कचे दांडे गेले. निघाले.

संध्याकाळी नव्या फोनवर कॉल सुरू झाले. व्हॉट्सॲपने कोड कॉलवर सांगितला, तेही चालू झालं. म्हटलं, जिंकलो. यूपीआय लावायला गेले, तर ॲप म्हणतं तुमच्या नंबरवरून एसएमएस जात नाहीये. जाईल कसा? सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद, येणाराही आणि जाणाराही. हा नियम सरकारचा आहे, कंपनीचा नाही, आणि तो का आहे हेही मला समजतं. कुणीतरी तुमच्या नावाने दुसरं सिम काढतो, बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि खातं साफ होतं. असे प्रकार झालेत, म्हणून हा नियम. माझी काहीच हरकत नाही. पण बटण दाबायच्या आधी तोंड उघडून सांगायला काय जातं? आधी सांगितलं असतं तर एटीएमवर जाऊन आले असते. पर्समध्ये ५०० ची एकच नोट. १२ रुपयांच्या एसी बसला कंडक्टरपुढे ती काढली, तेव्हा त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी लिहीत नाही.

हेही गिळलं असतं. पण रात्री कंपनीचं ॲप उघडलं तर प्लॅनचं नावच वेगळं! महिन्याला २०० रुपये जास्त, आणि सोबत कुठल्या कुठल्या सिनेमांच्या ॲपचं सदस्यत्व. मी फोनवरचे सिनेमे बंद करायला साधा फोन घेतला, आणि यांनी मला सिनेमे चिकटवले! कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा. शेवटी एक बाई आल्या, मराठीत बोलल्या, गोड बोलल्या, आणि म्हणाल्या, "ताई, सिम चेंजच्या वेळी अपग्रेडला तुमची संमती घेतली आहे." कधी घेतली? डोळे मिचकावले तेव्हा? बरं, जुना प्लॅन परत लावा म्हटलं. तर तो आता "उपलब्ध नाही". नव्या गिऱ्हाइकांना देत नाहीत, म्हणून एकदा सुटला की सुटला. चार वर्षं वेळेवर बिल भरल्याची ही पोच.

वैतागून म्हटलं, मग मी पोर्ट करते, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनीच बदलते. बाईंच्या आवाजात तसूभर फरक नाही. "ताई, सिम बदलल्यापासून सात दिवस पोर्ट करता येत नाही." खरंच नाही येत. १ जुलै २०२४ पासून हा नियम आहे, हाही फसवणूक थांबवायला. म्हणजे चोर माझा नंबर पळवू नये म्हणून दाराला कडी, आणि ज्याने माझा प्लॅन पळवला तो माझ्याबरोबर कडीच्या आत!

तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. तीन दिवसांनी मेसेज आला की तक्रार "यशस्वीरीत्या बंद" केली आहे. यश कुणाचं ते लिहिलं नव्हतं. आता अपिलात टाकली आहे, कारण प्रत्येक कंपनीला अपिलाची सोय ठेवावीच लागते, हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

नवरा म्हणतो, २०० रुपयांसाठी एवढं रक्त कशाला आटवतेस. २०० रुपयांचा प्रश्न नाहीये रे! मी वस्तू कमी मागितली म्हणून मला जास्त विकली, याचा राग आहे. फोन मात्र झकास आहे. चार्जिंग दोन दिवस टिकतं आणि काल घाटकोपरपर्यंत मी चक्क खिडकीबाहेर बघत होते.

शनिवारी सात दिवस पूर्ण होतात. पोर्टसाठी १९०० वर पाठवायचा मेसेज टाइप करून ठेवलाय: पोर्ट, एक जागा सोडून माझा दहा आकडी नंबर. फक्त पाठवायचं बटण दाबायचं बाकी आहे.